मुख्याध्यापक हयात असल्याबाबत

घंटा वाजवण्यात कसली आलीय विद्या? दोर धरायचा आणि ओढायचा! शिक्षकांच्या खोलीत, चार माणसांदेखत, पानाला चुना लावता लावता मी हे बोललो होतो. ते वाक्य परत घेता आलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळ आलीच नसती.

मी रावजी मास्तर. संत रोक हायस्कुलात मराठी आणि गणित शिकवायचो. मिशनची शाळा, फक्त मुलांची, चौलाच्या पुढे खाडीच्या तोंडाशी. चर्च आणि शाळा एकाच आवारात. मी डोक्याला पागोटं बांधून, कपाळाला गंध लावून रोज त्या क्रुसाखालून आत जायचो आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. अकरा वर्षांत माझी अशी पक्की समजूत झाली होती की ख्रिस्ती रीतिरिवाजातलं मला न कळणारं आता काही उरलेलं नाही. लॅटिन प्रार्थनेत आमेन कुठे म्हणायचं ते मला ठाऊक! उपासाच्या दिवसांत कुणाच्या घरी चोरून मटण शिजतं तेही ठाऊक!

शाळा सुरू झाली एकोणीसशे वीस साली, चर्चच्या अडगळीच्या खोलीत. मुलं चार. त्यातला एक शिकायला आलाच नव्हता, त्याची बकरी आत शिरली म्हणून तो मागोमाग आला होता. पाद्री बारेतोंनी त्याचंही नाव लिहून घेतलं! हे बारेतो म्हणजे आमचे मुख्याध्यापक. गोव्याकडचे, उंच, वाळकुडे, आणि मागण्याच्या बाबतीत अगदी निलाजरे. भात लावणाऱ्या बापाच्या बांधावर जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "पोरगा दे." मासळी उतरवणाऱ्या होडीशी जाऊन तेच. अलीमियाँ व्यापाऱ्याच्या दुकानी गेले तर साखर न घेता दोन पुतणे घेऊन आले! अशी अकरा वर्षांत चाराची एकाहत्तर मुलं झाली. कोळ्यांची, कुणब्यांची, मुसलमानांची, किरिस्तावांची. एकाच बाकावर दाटीवाटीने बसायची आणि दुपारच्या सुट्टीत एकाच चिंध्यांच्या चेंडूसाठी एकमेकांची नडगी फोडायची.

सकाळी आठ वाजता पाद्रीबाबा व्हरांड्यात उभे राहून स्वतः हजेरी घ्यायचे. गैरहजर दोस्ताच्या नावाला आवाज बदलून "हजर!" म्हणणं ही आमच्या मुलांची खास कला. पाद्रीबाबा मान वर न करता म्हणायचे, "आवाज छान काढलास. आता ज्याचा आहे त्याला घेऊन ये." मी मात्र अशा पोरांना छडीने फोडायचो. खोटी हजेरी म्हणजे महापाप, असं माझं ठाम मत होतं. हे मत लक्षात ठेवा.

शाळा इंग्रजी सहावीपर्यंत होती. सातवी, म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, मंजूर व्हायचा होता. पाद्रीबाबांच्या छातीत दुखायला लागलं होतं. डॉक्टरांनी त्यांना घरी, गोव्याला, जायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "एक वर्ग मॅट्रिकला बसलेला बघतो, मग जातो." अंबाजी सुताराकडून त्यांनी त्या वर्गाच्या बाकांसाठी सागाच्या फळ्यासुद्धा आणवून ठेवल्या होत्या. फळा स्वतः काळा रंगवला होता. मंजुरीचा मात्र पत्ता नव्हता.

एकतीस सालच्या नोव्हेंबरात शिक्षणखात्याचं पत्र आलं. तपासनीस साहेब आगबोटीने येणार, आणि त्या दिवशी पन्नास मुलं हजर सापडली तरच मॅट्रिकचा वर्ग मिळणार.

नोव्हेंबरात! भातकापणीच्या ऐन मोसमात!

"रावजी मास्तर, कसं होणार?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"तुम्ही चिंता सोडा!" मी म्हणालो. "पन्नास काय, साठ मोजून देतो!"

तो दिवस उजाडला तोच मळकट. आभाळ खाली आलेलं, समुद्र शिशासारखा, वारा नाही. पाद्रीबाबा दाढी करून, धुतलेला झगा घालून तयार होते, पण ओठ निळसर दिसत होते. मी त्यांना त्यांच्या खोलीत खाटेवर निजवलं. "साहेब आले की उठवतो," असं सांगितलं आणि मुलं मोजायला गेलो.

चौतीस!

पुन्हा मोजली. तेहतीस! एक मघाशी दोनदा मोजला गेला होता.

बाकीची सगळी शेतांत. शाळेचा तास म्हणजे लोखंडाचा लोंबता तुकडा, त्याचा आवाज कुंपणापलीकडे जात नसे. पण चर्चची घंटा! ती चौलाच्या वाड्यांपर्यंत ऐकू जायची. आणि घंटा वाजवणारा इनास होता कुठे? तो गेला होता होडी घेऊन आगबोटीवर, साहेबांना उतरवून आणायला. म्हटलं, चला, आपणच वर चढू. दोर धरायचा आणि ओढायचा!

वर दोन घंटा होत्या, थोरली आणि धाकटी. आता मी काही अडाणी नव्हतो. एकच घंटा सावकाश वाजली म्हणजे गावात कुणी माणूस गेला, हे मला पक्कं माहीत होतं. तशी चूक व्हायला नको म्हणून मी मुद्दाम दोन्ही घंटांचे दोर हातात घेतले! बेत असा की सणाला वाजवतात तशा दणादण वाजवायच्या. पण थोरली घंटा ओढता ओढताच माझा जीव अर्धा झाला. तिचा एक टोला पडला. मी दम घेतला. मग धाकटीचा एक. पुन्हा दम. मग थोरली. माझी तब्येत मनुबाईच्या, म्हणजे आमच्या कुटुंबाच्या, हातच्या वरणभातावर पोसलेली, तिच्यात याहून जास्त वेग नव्हता!

मला एकच गोष्ट माहीत नव्हती. दोन्ही घंटा आळीपाळीने, सावकाश वाजल्या, म्हणजे पाद्री वारला! तीस वर्षांत तिथे कुणी पाद्री वारला नव्हता, मग मला कळणार कुठून? पण घराघरांत आया मुलांना ती खूण शिकवत होत्या.

वरच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं. पहिल्या दहा टोल्यांतच आमचे तेहतीस विद्यार्थी वर्गातून धावत बाहेर पडले. "शाबास!" मी मनात म्हटलं. "बाकीच्यांना बोलवायला चालले!" शेतांतली माणसं विळे टाकून उभी राहिली. बायका पदर सावरत बांधांवरून पळायला लागल्या. "वा! शिक्षणाची काय ओढ आहे!" तिकडे पाण्यावर इनासची होडी निम्म्या वाटेवर आली होती, तीत हॅटवाले साहेब छत्री धरून बसलेले. होडी थांबली. इनासने उभं राहून डोक्यावरची टोपी काढली. मग साहेबांनी हॅट काढली. मग होडी वळली आणि परत आगबोटीकडे निघाली!

साहेबांचं काहीतरी बोटीवर राहिलं असणार, असं मला वाटलं. मी आणखी वीस टोले दिले.

हाताला फोड घेऊन खाली उतरलो तर आवार माणसांनी भरलेलं. पण सगळी मोठी माणसं! चौलाची आवडाबाई माळीण झेंडूचा हातभर हार घेऊन उभी. अलीमियाँ दुकान बंद करून आलेले, टोपी सावरत पुटपुटत होते, "इन्ना लिल्लाहि..." बायका गळे काढून रडत होत्या. मी आवडाबाईला विचारलं, "कोण गेलं हो?"

"मला काय इचारतासा मास्तर? घंटा तर तुमच्यात वाजली!" ती रडत म्हणाली. "देवमानूस व्हता हो! माझ्या पोराला शाळंत घालाय सात खेपा घातल्यान् त्यानं, सात!"

एवढ्यात पाद्रीबाबांच्या खोलीतून किंकाळी ऐकू आली.

त्याचं असं झालं होतं. अंबाजी सुतार हा शवपेट्या करणारा गावातला एकटा माणूस. घंटा ऐकली की कुणी बोलवायची वाट न बघता मापाची दोरी घेऊन यायचं, ही त्याची रीत. तो मागच्या दाराने आत शिरला, हात जोडले, दोरीचं एक टोक पाद्रीबाबांच्या टाचेला लावलं आणि दुसरं डोक्यापाशी नेऊन मापाची गाठ मारली. तेवढ्यात औषधाच्या गुंगीतून पाद्रीबाबांनी डोळे उघडले.

"अंबाजी," ते म्हणाले, "साहेब आले का?"

अंबाजी दोरी टाकून जो सुटला तो थेट विहिरीच्या कठड्याला धडकला! त्याच्या मागोमाग पाद्रीबाबा व्हरांड्यात आले आणि आवारातल्या दीडशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला. दोन बायका बेशुद्ध पडल्या. आवडाबाई मात्र तशीच पुढे झाली.

"जित्ता हायस?"

"आहे वाटतं," पाद्रीबाबा म्हणाले.

"मग ह्यो हार मी परत न्यायची न्हाय! मेल्या मानसाचा हार घरात चालत न्हाय!" आणि तिने तो त्यांच्या गळ्यात घातला.

हार घालून उभे राहिलेले पाद्रीबाबा सगळीकडे बघत होते. या एवढ्या लोकांच्या दारांत ते अकरा वर्षं पोरं मागत हिंडले होते. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्यांना आठवण झाली. "रावजी मास्तर," त्यांनी विचारलं, "मुलं किती आहेत?"

मी वर्गांकडे पाहिलं. बाकांवर म्हाताऱ्या टेकल्या होत्या.

"एकही नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात इनास पोचला. एकटाच. पाद्रीबाबांना बघून त्याने त्यांचे पाय धरले आणि रडत रडत सगळं सांगितलं. "म्यां सायबाला सांगितलं, आमचा पाद्री मेला. सायब लई चांगला हो! टोपी काढलीन् त्यानं. म्हनला, अशा दुखाच्या दिवशी शाळा तपासनं बरं दिसत न्हाय. मला परत बोटीवर सोड."

खाडीच्या बाहेर आगबोटीची शिटी झाली. बोट गेली.

"पण मुलं कुठे आहेत?" पाद्रीबाबांनी पुन्हा विचारलं.

आता मला माहीत नसलेली दुसरी रीत. पाद्री गेला तर त्याची खाच, म्हणजे कबर, भाड्याच्या गड्यांनी खणायची नाही, त्याच्या शिष्यांनी खणायची! आम्ही सगळे चर्चच्या मागच्या टेकाडावर, दफनभूमीत गेलो. तिथे आमची शाळा भरली होती. वर्गातून पळालेले तेहतीस होतेच, पण शेतांतून विळे टाकून, कुदळी घेऊन आलेलेही होते. अलीमियाँचे दोन्ही पुतणे कमरेपर्यंत खड्ड्यात उतरून माती वर टाकत होते. रडत रडत पोरं खणत होती. मी मोजली. त्रेसष्ट!

पन्नासाच्या वर तेरा. आणि मोजायला साहेब नाही.

पाद्रीबाबांना बघून पोरं घाबरली, मग हसायला लागली, मग त्यातली काही पुन्हा रडायला लागली. पाद्रीबाबा काठाशी उभे राहून आत डोकावले.

"बाजू सरळ आहेत," ते म्हणाले. "कोपरे काटकोनात आहेत. रावजी मास्तर, तुमची भूमिती वाया गेली नाही." आणि त्यांनी तो खड्डा बुजवू दिला नाही. वर फळ्या टाकून झाकून ठेवला.

मला त्या क्षणी त्याच खड्ड्यात उडी मारावीशी वाटली.

महिन्याभराने खात्याचं पत्र आलं. 'आपल्या शाळेचे मुख्याध्यापक निवर्तल्याचे व शाळा बंद असल्याचे तपासनीस यांनी कळविले आहे. सबब वर्गमंजुरीचा विचार करता येत नाही. आपल्या दुःखात हे खाते सहभागी आहे.'

पाद्रीबाबांनी उलट टपाली स्वतःच्या सहीने लिहिलं की मी जिवंत आहे, साहेबांनी पुन्हा यावं. उत्तर आलं: 'मयत इसमाच्या सहीचा अर्ज विचारात घेता येत नाही. सदर सही कोणी केली याचा रावजी मास्तर यांनी खुलासा करावा.'

मी! खोटी सही! जो मी खोट्या हजेरीबद्दल पोरांना फोडून काढत होतो!

मी दहा पानी खुलासा लिहिला. घंटेचा, माझ्या दमछाकीचा, अंबाजीच्या दोरीचा, सगळा. त्याला उत्तर आलं की तपासनीस साहेबांची बदली झाली आहे, तरी मुख्याध्यापकांचा हयातीचा दाखला जोडावा. मग आम्ही दाखल्यासाठी कचेरीत खेपा घालायला लागलो. बैलगाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता, खाचखळग्यांचा. साक्षीदार म्हणून अलीमियाँ बरोबर यायचे.

"जनाब, हे काय तुमच्या समोर उभे आहेत!" अलीमियाँ कारकुनाला म्हणाले.

"उभे आहेत ते मलाही दिसतंय," कारकून म्हणाला. "पण हे तेच, हे कशावरून? कागदोपत्री ते वारलेत."

"मग हे कोण?"

"तेच तर तुम्ही सिद्ध करायचंय!"

अशा पाच खेपा झाल्या. परत येताना पाद्रीबाबा गाडीत आडवे पडायचे आणि छातीवर हात ठेवून विनोद करायचे. "बघा मास्तर, लोक मेल्यावर कुठे जातात याची मोठमोठ्या पंडितांना चिंता. मी सांगतो, कचेरीत जातात!" मी हसायचो. पण प्रत्येक खेपेला ते थोडे थोडे खरोखरच मरत होते, आणि ते मला दिसत होतं. माझ्यामुळे. रात्री मला जेवण जात नसे. मनुबाई म्हणायची, "घंटा वाजवायला सांगितली होती कुणी?"

मार्च गेला, एप्रिल गेला. सहावीतली नऊ मुलं पास झाली आणि त्यांना पुढे वर्गच नव्हता. दोघं मुंबईला गेली, बाकीची होड्यांवर आणि शेतांवर. पाद्रीबाबा कधीमधी त्या रिकाम्या खोलीत जाऊन काळ्या फळ्यासमोर बसायचे.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी, हजेरीच्या वेळेला, ते खरोखर गेले.

इनासने घंटा वाजवल्या. थोरली, धाकटी, थोरली. रीतीप्रमाणे, न चुकता. आणि कोणी आलं नाही! होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, शेतं मोकळी, सगळी माणसं घरात. तरी एक चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी मीच दारोदार निघालो. आवडाबाई वाडीत शिंपण करत होती.

"आज कोन आलंय मास्तर?" ती हसत म्हणाली. "इन्स्पेक्टर का कलेक्टर?"

"आवडाबाई, खरंच गेले हो."

"जावा! तुमच्या घंटेवर आता इस्वास न्हाय आमचा."

मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली घागर खाली ठेवली. "थांबा," ती म्हणाली, "फुलं काढते." अशी एकेक करत मी साठ घरं फिरलो. प्रत्येक दारात मला हसले, आणि प्रत्येक दारात मला पटवून द्यावं लागलं की या खेपेला मी खरं बोलतोय.

खाच तयार होती. पेटी अंबाजीने मॅट्रिकच्या बाकांच्या फळ्यांची केली. माप त्याच्याकडे होतं.

चौथ्या दिवशी टपाल आलं. मी पाकीट घेऊन टेकाडावर गेलो. इनास खाचेच्या मातीवर पाणी मारत होता. "काय म्हनतात?" त्याने विचारलं. मी वाचायला लागलो: 'श्री. बारेतो हे हयात असल्याचे मान्य करण्यात येत आहे. वर्गमंजुरीचा फेरविचार होईल. तरी त्यांनी येत्या सोमवारी या कचेरीत समक्ष हजर राहावे. गैरहजर राहिल्यास प्रकरण कायमचे निकाली काढण्यात येईल.'

"मास्तर, हळू वाचा," इनास म्हणाला. "शाळंचं काम हाय. आयकलंन् तर उठून चालाय लागंल तो."



सोमवारी मी गेलो. कुणाला सांगितलं नाही, मनुबाईलासुद्धा नाही. खात्याच्या कचेरीत बाकावर दहाबाराजण बसले होते. आत जाऊन काय सांगायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं. मृत्यूची हकीकत, विनंती, नऊ मुलांची नावं, सगळं. नवे साहेब समोर कागद धरून एकेक नाव पुकारत होते. त्यांनी मान वर न करता पुकारलं, "श्री. बारेतो! संत रोक हायस्कूल!"

मी सांगणार होतो हो! शपथेवर सांगतो, मी खरं तेच सांगणार होतो. पण मान वर न करता घेतलेली ती हजेरी ऐकली आणि मला काय झालं कुणास ठाऊक. मी ताडकन उभा राहिलो, आवाज बदलला आणि खणखणीत ओरडलो, "हजर!"

साहेबांनी मान वर केली. माझं पागोटं बघितलं, पानाने रंगलेले ओठ बघितले, मग बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघितलं. मग त्यांनी कागदावर 'निकाली' असा शिक्का मारला आणि पुढचं नाव पुकारलं.

गंध पुसायचंच राहिलं होतं, दुसरं काय!